खोत बाईंचं भिंग

खोत बाईंच्या शोकसभेत मुख्याध्यापक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, तुम्ही बोला. पण थोडक्यात."

मी थोडक्यात बोललो. बाई शिस्तीच्या होत्या, मुलांच्या लाडक्या होत्या, त्यांच्या जाण्यानं संस्थेची हानी झाली. चार वाक्यं झाली आणि खाली बसलो. माझ्यानंतर संस्थेचे अध्यक्ष उठले. म्हणाले, आपल्या शाळेच्या आवारात आज रंगीत गोड पाण्याची एक बाटली मिळत नाही, ही संस्थेची दूरदृष्टी. आणि त्या कामी खोत बाईंचाही हातभार लागला होता. लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मीही हलवली.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे, आणि थोडक्यात लिहिणार नाही.

थोडक्यात सांगणं हाच माझा शाळेतला धंदा. सीमाभागात, निपाणीजवळच्या एका मराठी हायस्कुलात मी कन्नड शिकवतो. शिक्षण खात्याचा प्रत्येक कागद कन्नडमधून येतो. आमच्यातल्या बहुतेकांचं कन्नड बाजारापुरतं आणि बसच्या पाटीपुरतं. खात्याचं कन्नड वेगळंच असतं. एकेक वाक्य बोरगावच्या रस्त्यावरच्या ऊसगाड्यांसारखं, एकामागं एक जोडलेलं. त्यामुळं सर्क्युलर आलं की ते माझ्यापुढं सरकवायचं आणि म्हणायचं, "देसाई सर, थोडक्यात काय म्हणतायत?" मी लहानपणापासून ओळीखाली बोट ठेवून वाचतो. बोट सरकायचं, मी मराठीत सांगत जायचो, बाकीचे चहा पीत ऐकायचे. मूळ कागद पुन्हा कोणी उघडत नसे. एवढा विश्वास माझ्यावर होता.

खोत बाई गणित शिकवायच्या. बोरगावच्या. ठेंगण्या, पायात कायम कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या गोफात अडकवलेलं एक भिंग. डोळे अधू होते म्हणून नव्हे. पुड्यांवरचं वाचायला. मुलाच्या हातात कुठलंही पाकीट दिसलं की बाई थांबायच्या, पाकीट उलटं करायच्या, भिंग लावायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. मुलं त्यांना मागून भिंगबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "भिंगबाई तर भिंगबाई. आंधळीबाई म्हणंनात, बास झालं," म्हणायच्या.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "मोठं अक्षर इकणाऱ्याचं, बारीक अक्षर खाणाऱ्याचं. आपलं आपण वाचावं."

आता मजा अशी की बाई स्वतः चहात तीन चमचे साखर घ्यायच्या. वर बोट बुडवून चाखायच्या, आणि कमी वाटली तर चौथा. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, हे कसं?"

"कसं म्हंजे? मी पन्नाशीची बाई. माझं मी इकत घेऊन मरत्ये. नियम पोरांसाठनं हाय. पोरांस्नी शाळेत कोण पाठवतंय? आपण बोलावतोय. घरी बोलावलेल्या पोराला काय बी चारत्यात व्हय?"

शाळेच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला कॅन्टीन होतं. अध्यक्षांचा मेहुणा ते चालवायचा. कुरकुरे, लाल रंगातली गोबी मंचुरियन, आणि कंपनीनं फुकट दिलेला काचेच्या दाराचा फ्रीज. त्यावर बाटली तोंडाला लावलेल्या हसऱ्या मुलीचं चित्र. मधल्या सुट्टीत शंभर पोरं त्या काचेला नाक लावून उभी असायची.

बाईंनी सुरुवात वर्गातून केली. नववीच्या मुलींना रिकामी बाटली आणायला सांगितली. भिंग एका मुलीच्या हातात दिलं. "वाच गं. शंभर मिलीला साखर किती? आणि बाटली किती मिलीची? मांडा त्रैराशिक." मुलींनी मांडलं. उत्तर आलं तेव्हा बाई स्टाफरूममध्ये आल्या, आमचा साखरेचा डबा उचलून घेऊन गेल्या आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरून चमच्यानं मोजून ओतायला लावली. सहा चमचे झाले आणि वर थोडी. तो ढीग त्यांनी वर्गावर्गातून फिरवला. शेवटी ढिगाला मुंग्या लागल्या तेव्हा म्हणाल्या, "बघा, ह्यास्नी भिंग लागत न्हाय." त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बिनसाखरेचा चहा मिळाला. सगळ्यांत जास्त कुरकुर बाईंचीच होती.

वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटायची पद्धत. ती त्यांनी स्वतःच्या वर्गापुरती मोडली. पेरू आणा, शेंगा आणा, नाहीतर नुसतं गाणं म्हणा. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला हा अपमान वाटला. त्यानं ईर्ष्येनं पेरूचं अख्खं पोतं पाठवलं, टेम्पोतून. बाईंनी सगळ्या शाळेला पेरू खिलवले आणि त्याला निरोप धाडला, "पुढच्या वर्षी पण हीच ईर्ष्या ठेवा."

पालकसभेत मात्र खरं भांडण झालं. आमच्याकडं घराघरात ऊस. साखरेविरुद्ध बोलणं म्हणजे बसल्या ताटाविरुद्ध बोलणं. एक पालक उठून म्हणाला, "बाई, आमच्या उसावरच उठलाईसा काय वो? साखर न्हाई खपली तर आमी काय खायाचं?"

बाई उठल्या. "माझ्या बाचा ऊस बी त्याच कारखान्याला जातोय, आप्पा. उसाला नावं ठेवली असतीली तर माझी जीभ झडू दे. उद्या मोळी घेऊन या. पोरांस्नी ऊस द्या. दातानं सोलून खाऊ देत. ऊस खाल्ला की जबडा दुखतोय, पोरगं आपसूक थांबतंय. बाटली प्यायला दातच लागत न्हाईत, मग थांबायचं कुणी?"

सभा हसली. आप्पा पण हसला, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर मोळी घेऊन आला. मैदानभर उसाच्या चोयट्या पडल्या. शिपाई झाडून झाडून वैतागला. फ्रीज मात्र जिथं होता तिथंच गार पडून होता.

मग एके दिवशी सहावीतली एक मुलगी प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. सकाळी घरून उपाशी आली होती आणि आल्याआल्या कॅन्टीनमधली बाटली प्याली होती. फार काही झालं नाही, तासाभरात ती उठून बसली. पण बाईंनी तिला घरी पोहोचवलं, येताना बाजारातून एक कुलूप आणलं, फ्रीजच्या मुठीतून साखळी ओवली आणि कुलूप ठोकलं. किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.

मेहुणा धावत आला. "बाई, किल्ली द्या."

"नियम हाय. शाळेत हे इकायचं न्हाय, असं सरकारनं काढलंय. पेपरात आलतं."

"कुठाय नियम? दावा."

"येईल सर्क्युलर. आलं की दावत्ये."

आणि सर्क्युलर आलं, त्याच आठवड्यात. अध्यक्षांनी शनिवारी मीटिंग लावली. प्रश्न साधा होता. कागदात तसा नियम असेल तर फ्रीज जाईल. नसेल तर बाईंनी संस्थेच्या मालाला कुलूप घातलं, त्याचा जाब त्यांनी द्यायचा.

शुक्रवारी संध्याकाळी अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. पोहे दिले. माझी बायको त्यांच्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत सहा वर्षं तात्पुरती होती. अध्यक्ष म्हणाले, "वहिनींची कायमची ऑर्डर टाईप करायला दिलीय." मग पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "उद्या त्या कागदात काय उगंच खोलात जाऊ नका. सरकार काय, रोज काहीतरी काढतंय." एवढंच म्हणाले. धमकी नव्हती, सौदाही नव्हता. मी खरंच सांगतो, त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. ते मी माझ्या मनानं केलं.

कागद मी आधीच वाचला होता. दुसऱ्या पानावर तिसरं कलम. जास्त साखर, जास्त मीठ, जास्त तूप-तेल असलेले खाद्यपदार्थ आणि पेयं शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत विकायची नाहीत. त्यांची जाहिरात करायची नाही, कंपनीची चित्रं लावायची नाहीत. इतकं स्वच्छ की खात्याच्या कन्नडला शोभू नये.

मीटिंगला बाई माझ्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. गळ्यात भिंग. समोर किल्ली ठेवली होती. मी वाचायला लागलो. पहिलं कलम, मुलांना आहाराचं महत्त्व समजावून सांगावं. दुसरं, हात धुण्याची सोय ठेवावी. मग माझं बोट तिसऱ्या कलमावरून खाली सरकलं आणि मी काहीच बोललो नाही. पाच-सहा ओळी गेल्या. चौथं, शाळेनं पालक-शिक्षकांची समिती नेमावी. पाचवं, फळं आणि कडधान्यं यांना उत्तेजन द्यावं. संपलं.

"म्हणजे सूचना आहेत," अध्यक्ष म्हणाले. "बंदी नाही."

बाई माझ्याकडं वळल्या. "एवढंच का, सर?"

खोलीत पंखा फिरत होता. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "एवढंच."

बाईंनी किल्ली टेबलावरून अध्यक्षांकडं ढकलली. माफीपत्र लिहून द्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी कोरा कागद मागून घेतला, आपल्या त्या छापल्यासारख्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. अध्यक्षांनी वाचल्यावर त्यांचा चेहरा बदलला. कागदावर होतं, 'मी कुलूप लावले. परत लावीन.'

महिन्याच्या आत त्यांची बदली संस्थेच्या सदलग्याच्या शाखेत झाली. निरोपाच्या कार्यक्रमात, मुद्दाम की नकळत देव जाणे, त्याच फ्रीजमधलं केशरी पेय पेल्यांतून आलं. बाईंनी आपला पेला उचलला, खिडकीशी गेल्या आणि जास्वंदीच्या कुंडीत ओतला. "झाडाला काय हुतंय ते कळवा मला," म्हणाल्या. मग भाषणाला उभ्या राहिल्या. आभार मानले शिपायाचे, मुलींचे, आप्पाच्या उसाचे. शेवटी म्हणाल्या, "आणि देसाई सरांचे. त्यांनी मला कागद वाचून दाखवला."

मला वाटलं, त्यांना काही कळलेलं नाही. बरं वाटलं. माझा पेला मी पूर्ण प्यालो.

बायकोची ऑर्डर निघाली. पेढे वाटले. दीड वर्ष गेलं. मी फाटकातून आत येताना डावीकडं बघायचं सोडून दिलं होतं.

एक साधी गोष्ट मला सुचलीच नव्हती. सरकारचा कागद एकाच शाळेला येत नाही. जो निपाणीला आला तोच सदलग्यालाही आला होता. एकदा तिकडचा शिपाई आमच्या ऑफिसात आला आणि सहज बोलून गेला, "बाईंनी काय धमाल उडवलीया. फाटकावर ही एवढी मोठी पाटी लावलीया. पन्नास मीटर म्हणं."

त्या रविवारी मी बोरगावला त्यांच्या घरी गेलो. बाई अंगणात हुलगे निवडत होत्या. उठल्या नाहीत. "बसा की," म्हणाल्या. मी कट्ट्यावर टेकलो.

"बाई, त्या मीटिंगला मी—"

"एक कलम गाळलंसा. तिसरं."

"सदलग्याला कळलं?"

"तवाच कळलं." त्या सुपातून मान वर न करता बोलत होत्या. "तुमचं बोट चालत हुतं आणि तोंड मिटलेलं. बोटाला खोटं बोलाय येत न्हाय, सर. सदलग्यात पोरींकडनं एकेक अक्षर लावून वाचून घेतलं, ते काय लिवलंय बघायला. गाळलंय हे ठावंच हुतं."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

आता त्यांनी वर बघितलं. "इचारलं की! चार माणसांदेखत इचारलं, एवढंच का म्हणून. दार उघडून धरलं हुतं तुमच्यासाठनं. तुमी आतनं कडी घातलासा."

मी बायकोच्या ऑर्डरचं सांगायला सुरुवात केली. बाईंनी सूप खाली आपटलं. "तिच्या पदराआड लपू नका. तिला इचारलं हुतंसा?"

नव्हतं विचारलं. मी म्हटलं, "मला माफ करा."

"न्हाय जमायचं," बाई सरळ म्हणाल्या. "माझ्या माफीनं तितला फ्रीज हलतोय व्हय? ज्या खोलीत गाळलंसा त्या खोलीत वाचा. तीच माणसं बसवा. सगळं वाचा. मग या."

चहा दिला. माझ्या चहातही तीन चमचे साखर होती. मुकाट्यानं प्यालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं भित्रेपण माझ्या नावावर का खपवलंत?"

पुढच्या मीटिंगला विषय संपल्यावर मी उभा राहिलो. जुना कागद काढला, बोट ठेवलं आणि पहिल्या कलमापासून वाचलं. तिसरं कलम दोनदा वाचलं, एकदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत. अध्यक्ष म्हणाले, "सर, हे त्या वेळी नव्हतं काय?"

"होतं," मी म्हटलं. "मी वाचलं नाही."

"का?"

"तुमचे पोहे खाल्ले होते."

मला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. तसं काही झालं नाही. अध्यक्षांनी घड्याळात बघितलं. कोणी तरी खोकलं. माझे दोन तास वाढले आणि सहलीच्या यादीतून माझं नाव गेलं. पण कागद आता मीटिंगच्या वहीत उतरला होता, तिसऱ्या कलमासकट, आणि तो पुसता येण्यासारखा नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रीज गेला. जूनमध्ये त्या जागी 'आरोग्यदायी शाळा' असा फलक लागला. त्यावर अध्यक्षांचा फोटो. शोकसभेतली दूरदृष्टी ती हीच.

आणि तरी परवा, बाईंच्या फोटोसमोर, मला उठून एवढं बोलता आलं नाही. बोट पुन्हा खाली सरकलं. ते आता इथं वर आणतो आहे. आमच्या शाळेत फ्रीजला पहिलं कुलूप खोत बाईंनी लावलं. त्याची शिक्षा त्यांना झाली, ती माझ्यामुळं झाली. ज्यांना हे खटकेल त्यांनी मीटिंगची वही काढून बघावी.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते फ्रीज गेल्यावर जूनमध्ये शाळा उघडल्या त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, सदलग्याला. अर्ध्या दिवसाची शाळा सुटत होती. बाई फाटकात उभ्या होत्या, तेच कॅनव्हासचे बूट, भोवती सात-आठ मुली, आणि हातात खेळाच्या खोलीतली लांब उडीची टेप. रस्त्याच्या कडेला लांबवर एक गाडा होता. रंगीत बाटल्या, पुड्यांच्या माळा.

मी जवळ जाऊन म्हटलं, "वाचलं."

"सगळं?"

"सगळं."

"तिसरं?"

"दोनदा."

बाईंनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी. त्यांनी टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात दिलं. "मग धरा हे. फाटकाच्या खांबाला टेकवून. तो गाडा दर आठवड्याला हातभर आत सरकतोय. दर शनवारी मापावं लागतंय."

मी उकिडवा बसलो आणि टोक खांबाला दाबून धरलं. बाई टेप सोडत चालायला लागल्या. तीस मीटरला टेप संपली, एका मुलीनं खडूची रेघ ओढली. "आता रेघंवर या, सर!" मी पळत रेघेवर गेलो, पुन्हा टोक दाबलं. बाई पुढं निघाल्या, ठुमकत, मागं न बघता, गाड्याच्या चाकापर्यंत. तिथं वाकल्या. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून टेपवरचा आकडा वाचला.

"सतरा!" त्या ओरडल्या. "तीस आणि सतरा, सत्तेचाळीस! तीन मीटर मागं घे रं बाबा!"

गाडेवाला हात नाचवत काहीतरी बोलायला लागला. मापच चुकीचं आहे, टोक कुणी धरलंय ते बघा, असं काहीसं. बाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या गाड्याच्या सावलीत त्यांचं डोकं जेमतेम त्याच्या बाटल्यांपर्यंत पोहोचत होतं. मग त्यांनी मान वळवली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या,

"सर, ह्यो काय बी म्हणू दे. तुमी टोक हलवू नका!"

गाडा मागं सरकेपर्यंत मी हलवलं नाही.